बारा नखं

कासव पाळायचं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मी फक्त त्याची नोंद घेतली. पुढं जे झालं त्याला माझी एकतीस वर्षांची सवय जबाबदार आहे, असं माझं म्हणणं आहे. आमच्या हिचं म्हणणं वेगळं आहे आणि ते ती कुणी न विचारता सांगते.

सवय म्हणजे अशी. मी पाटबंधारे खात्यात गेज रीडर. सांगलीत कृष्णेच्या घाटावर फुटाफुटाच्या खुणा रंगवलेल्या आहेत. पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं आणि आहेही सोपं, पण ते रोज सकाळी ठीक आठ वाजता करावं लागतं, आणि पुरात तासातासाला. वहीत पाच रकाने : तारीख, वेळ, पातळी, हवामान आणि वरिष्ठांचा शेरा. पहिले चार रकाने मी एकतीस वर्षं भरले. पाचवा कोराच राहिला. वरिष्ठ आले, चहा प्याले, बदलून गेले. शेरा कुणी मारला नाही. मी आपला नव्या वहीत पुन्हा रकाना आखायचो, न जाणो कुणाच्या मनात आलं तर जागा असावी.

ह्या सप्टेंबरच्या तीस तारखेला मी निवृत्त होणार होतो आणि माझ्या जागी माणूस येणार नव्हता. पुलाच्या कठड्याला एक पांढरी पेटी बसवली होती. ती वरून पाण्याकडं बघते आणि पातळी परस्पर साहेबांच्या मोबाईलवर पाठवते. तिला चहा लागत नाही आणि तिची मुलगी बाळंतपणाला येत नाही. माझा त्या पेटीवर राग होता असं नाही, पण मी तिच्याकडं बघत नसे. त्या महिन्यात मला कुठंच चैन पडत नव्हतं. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कशाला उठलो ते आठवत नसे. सात मिनिटांत तीनदा घड्याळ बघायचो आणि तिन्ही वेळा वेळ विसरायचो.

आठ तारखेला सकाळी घाटावर गेलो, तर अकराव्या फुटाच्या पायरीवर पुरीच्या लाटीएवढं कासवाचं पिल्लू बसलेलं, आणि वरच्या पायरीवर दोन कावळे त्याच्याकडं बघत होते. मी कावळे हाकलले, ते तीन पायऱ्या मागं सरकून बसले. पिल्लाला कशात तरी ठेवावं म्हटलं, तर जवळ फक्त जेवणाचा डबा, आणि त्यात मटकीची उसळ. ती मी सकाळी आठ वाजता उभ्या उभ्या, भाकरीशिवाय खाल्ली. सरकारी नोकरीत एवढी तातडी मी पूर्वी कधी दाखवली नव्हती. कावळे गेले की पिल्लू सोडायचं असं ठरवलं होतं, पण तेवढ्यात त्या पेटीच्या बैठकीला बोलावणं आलं. बैठक चार तास चालली. तिथून मी सवयीनं डबा उचलला आणि माधवनगरला घरी आलो.

"आवं," आमची ही, विजयमाला, मोरीतून म्हणाली, "डब्यात काय आणलंय तुमी?"

"मटकी होती."

"मटकीला पाय हायत."

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्याच्या उद्या नेऊन सोडा आणि डबाही तिकडंच ठेवून या. इथंच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण एका रात्रीपुरतं म्हणून मी पिल्लाला घमेल्यात ठेवलं. घमेल्यात पाणी घातलं. पाणी किती झालं ते बघायला पट्टी लावली. चार इंच. आणि एकदा पट्टी लावली की माझा हात आपोआप वहीकडं जातो. कपाटात एक कोरी वही होती, तिच्यात मी पाच रकाने आखले आणि लिहिलं : 'घमेले. पातळी ४ इंच. हवामान निरभ्र. कासव स्थिर.' खाली सही केली. सहीनंतर 'वाचन घेतले' हा रबरी शिक्का मारला, कारण तो माझ्या पिशवीतच असतो आणि त्याच्याशिवाय नोंद मला अपुरी वाटते. सकाळी आठला दुसरी नोंद केली आणि जरा बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं. म्हणून त्या दिवशी सोडायचं राहिलं, आणि मग दुसऱ्याही दिवशी.

आमच्या शेजारी गुंडाभाऊ राहतात, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या-आमच्यात छातीएवढी भिंत आहे आणि ती त्यांना सल्ला द्यायला बरोबर उंचीची पडते. ते म्हणाले, "नाना, लक्ष्मी सोताच्या पायानं घरात आली आन् तू तिला परत नदीत टाकतूस व्हय? त्या पितळी कासवापेक्षा ह्ये लय भारी हाय." पितळी कासव आमच्या दाराशी ताटलीतल्या पाण्यात, उत्तरेला तोंड करून तीन वर्षं बसलेलं आहे. वास्तू जाणणाऱ्या एकानं सांगितलं म्हणून हिनं आणलं. त्यानं तीन वर्षांत काय केलं ते आम्ही कुणाला सांगत नाही.

पलीकडच्या घरचे चांदसाहेब पूर्वी इथल्या गिरणीत फिटर होते. त्यांचं म्हणणं, पाणी हलतं पाहिजे. "नाना, नदीचा जीव आहे तो, साचल्या पाण्यात गुदमरतो. माझ्याकडं कूलरचा पंप पडलाय, बसवून देतो की." पंप कूलरचा आणि घमेलं आमचं, दोघांची ताकद जुळते की नाही हे आधी बघायला पाहिजे होतं. चांदसाहेबांनी बटण दाबलं आणि चार इंच पाणी एका दमात घमेल्यातून हॉलमध्ये गेलं. त्या दिवशीची नोंद अशी : 'घमेले : शून्य. हॉल : अर्धा इंच. कासव : आढळून आले नाही.'

दीड तास मी पोटावर झोपून कपाटाखाली, पलंगाखाली बघत होतो. चांदसाहेब पंपाचं रबर तपासत होते. हिनं फरशी पुसली, आंघोळ केली आणि रोजच्यासारखी हळद-कुंकू घेऊन दाराशी पितळी कासवाच्या पूजेला बसली. ती पूजा करताना डोळे मिटते. तिनं कासवाला हळद लावली, कुंकू लावलं आणि तेव्हा कासवानं मान बाहेर काढली.

"आवं," ती म्हणाली, "आपलं कासव जित्तं झालं."

आवाज इतका शांत होता की ती फोनवर बोलतेय असं मला वाटलं. मी पोटावरूनच बघितलं. ताटलीत दोन कासवं होती, एक पितळी आणि एक हळद-कुंकू लावलेलं, आणि ही हात जोडून बसली होती. मी धावत जाऊन पिल्लू उचललं. त्याची मान एवढी लांब असेल हे मला माहीत नव्हतं. ती पाठीवरून मागं वळली आणि त्यानं माझं उजव्या हाताचं, सहीचं बोट धरलं.

पुरीच्या लाटीएवढ्या जिवाचा चावा काय तो, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा स्वतःचं बोट देऊन बघावं. मी हात झटकला तर कासव हाताबरोबर आलं. आवाज ऐकून गुंडाभाऊ भिंतीवरून आत आले. दार उघडं होतं, तरी ते भिंतीवरूनच येतात. त्यांनी बोट बघितलं आणि फौजी आवाजात निकाल दिला, "ढग गडगडल्याबिगर सोडत न्हाई त्ये. आमच्या गावात एकाचं चार दिस धरलं हुतं."

बाहेर लख्ख ऊन होतं. ढगाचं नावच नव्हतं.

"मग गडगडवाया लागंल," गुंडाभाऊ म्हणाले आणि त्यांनी हिच्याकडून मोठी परात आणि लाटणं मागून घेतलं. पुढची दहा मिनिटं मी आमच्या गच्चीवर हात वर करून उभा होतो, हाताला कासव लटकलेलं, आणि एक निवृत्त हवालदार माझ्याभोवती फिरत परात बडवत होता. गल्लीतली दारं उघडली. कोणी मोबाईल काढले. एकतीस वर्षं मी सरकारी कामात आहे, पण इतके लोक मला बघायला कधी जमले नव्हते. शेवटी चांदसाहेब हातात पंप घेऊन वर आले आणि म्हणाले, "पाण्यात हात घाला की नाना. पाणी दिसलं की सोडेल ते." बादलीत हात घातला आणि कासवानं सोडलं. गुंडाभाऊंच्या मते सोडण्याचा क्षण आणि परातीचा शेवटचा ठोका एकच होता. दवाखान्यात केसपेपरवर 'चावा : कासव' असं लिहिताना नर्सबाईंनी माझ्याकडं दोनदा बघितलं. नोंद केली : 'कासवाने प्रतिसाद दिला (बोट, उजवे).' सही डाव्या हातानं केली आणि शिक्का तिरका उठला.

इथपर्यंत फक्त गल्लीत हसं झालं होतं, ते मी सोसलं असतं. खरं बिघडलं ते पुढं, एका आकड्यामुळं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात हलवलेल्या घमेल्यापाशी होतो. ही स्वयंपाकघरात निवृत्तीच्या जेवणाचा बेत ठरवत होती. गुंडाभाऊ भिंतीवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाना, नखं किती हायती रं?" त्याच वेळी आतून हिनं विचारलं, "आवं, माणसं किती धरू जेवायला?"

मी म्हणालो, "वीस."

गुंडाभाऊंचा चेहरा बदलला ते माझ्या लक्षात आलं, पण का बदलला ते आलं नाही. आमच्या भागात वीस नखांच्या कासवाबद्दल काय काय बोलतात ते मला ऐकून ठाऊक होतं. म्हणे ते पूजेत मांडलं की घरात पैशाचा पाऊस पडतो. पण माझं सगळं आयुष्य खऱ्या पावसात गेलेलं, मला ते त्या घडीला सुचलं नाही. गुंडाभाऊ गुपचूप भिंतीवरून उतरले. त्यांनी ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला सांगितली, आणि तिनं फक्त तिच्या भिशीतल्या बायकांना.

दोन दिवसांत घरी माणसं येऊ लागली. कुणी पत्ता विचारायला, कुणी पाणी मागायला, आणि सगळ्यांची नजर अंगणातल्या घमेल्यावर. एकानं जाता जाता घमेल्यापाशी लिंबू ठेवलं. एक बाई नारळ ठेवून गेली, तो हिनं आमटीत घातला. मग फोन यायला लागले.

"काका, माल हाय का अजून?" एक अनोळखी आवाज.

मला वाटलं, नदीतल्या गाळाच्या नमुन्याबद्दल कुणीतरी खात्यातून विचारतंय. त्याच आठवड्यात नमुने न्यायला माणूस येणार होता. मी म्हणालो, "आहे की. पण नोंद केल्याशिवाय देता येणार नाही."

"नोंद?"

"नाव, पत्ता, सही. दोन प्रतींत. आणि ओळखपत्राची झेरॉक्स."

मग तो माणूस म्हणाला, "काका, तुमी लय पोचलेलं दिसतासा," आणि फोन ठेवला. असे तीन फोन आले आणि तिघांनाही मी झेरॉक्स मागितली.

आमची मुलगी राजेश्वरी शिरवळला एका कंपनीत आहे. तिला हिनं हळद-कुंकवातल्या कासवाचा फोटो पाठवला होता. तिचा फोन आला तेव्हा मी घमेल्यातलं पाणी बदलत होतो.

"बाबा, ते आत्ताच्या आत्ता सोडा. ते शेड्युल वनमध्ये आहे."

"म्हणजे कुठं?"

"म्हणजे कायद्यात वाघाच्या यादीत. घरात ठेवलं तरी गुन्हा. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, बाबा. आणि तुम्ही सरकारी नोकर."

मी घमेल्याकडं बघितलं. वाघाच्या यादीतला तो जीव पत्र्यावर नखं घासत होता. तसं तो दिवसभर करायचा. पहिल्या दिवसापासून करत होता. घमेल्यातल्या लाकडी ठोकळ्यावर बसवलं की उतरायचा, उतरला की कडेला जायचा, कडेवरून घसरायचा आणि परत सुरू. मला तो आवाज आवडायला लागला होता, आणि माझी स्वतःची तगमग काय वेगळी होती, पण त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की तो खेळत नव्हता. त्याला जायचं होतं, आणि त्याला अडवून ठेवणारा मी होतो. मला फार वाईट वाटलं. भीतीही वाटली, ते लपवत नाही. निवृत्तीला आठ दिवस उरलेले. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, आणि शेवटच्या आठवड्यात कासवाच्या केसमध्ये निलंबन झालं तर श्रीफळ कुणाच्या हातात देणार होते?

मी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. कासव रीतसर कुणाच्या तरी ताब्यात द्यावं आणि पोच घ्यावी. डबा पिशवीत घालून दुपारी बाहेर पडलो. पहिल्या कचेरीत म्हणाले, हे पाण्यातलं, मासेवाल्यांकडं जा. तिथं म्हणाले, मासा असेल तर बोला. जनावरांच्या दवाखान्यात म्हणाले, आजारी आहे का? मी म्हणालो नाही. मग ते म्हणाले, आजारी पडलं की आणा. चौथ्या ठिकाणी एका भल्या कारकुनानं अर्ज घेतला, वाचला आणि म्हणाला, "हे कासव तुम्हाला सापडलं, याचा दाखला जोडला नाहीत." तो कोण देईल, असं विचारलं तर तो म्हणाला, जिथं सापडलं तिथला जबाबदार सरकारी माणूस. म्हणजे मीच. मी तिथंच उभा राहून माझ्या नावानं मला दाखला लिहिला, शिक्का मारला, तोवर त्यांची वेळ संपली. वनखात्यात जायचं धाडस मात्र झालं नाही. तिथं गेलो तर परत येईन का, हे ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळची नोंद मी फार वेळ घेऊन लिहिली : 'कासव अस्वस्थ. निरीक्षकही. आपण हे ठेवून घेतले ही चूक झाली. सोडणे आवश्यक. मंजुरी कोणाची घ्यावी ते कळत नाही. बिगरमंजुरी सोडत आहे.' सही, शिक्का.

"उद्या आठला सोडतो," मी हिला सांगितलं.

"सोडा," ती म्हणाली. मग घमेल्याजवळ जाऊन जरा उभी राहिली आणि म्हणाली, "जाताना डब्यात वली फडकी घाला. सुकंल."

सकाळी घाटावर पोचलो तर अकराव्या फुटाच्या पायरीवर टी-शर्ट घातलेला एक माणूस बसला होता. तो उठून जवळ आला. "नमस्कार काका. मी सूरज. वीस नखी ना? बोला, कसं करायचं."

खोटं बोलणं मला सुधरलं नाही. "वीस नाहीत," मी म्हणालो, "आणि करायचं काही नाही. मी सोडायला आणलंय."

"काका, गिऱ्हाईकाला असं टाळू नका."

"मग नाव, पत्ता सांगा," मी सवयीनं म्हणालो, "आणि सही."

त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं आणि हात वर केला. घाटावरच्या जीपमधून खाकीतल्या एक तरुण बाई उतरल्या. पाठोपाठ दोन वनरक्षक. सूरजही त्यांच्यातलाच निघाला, साध्या कपड्यातला. गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला. बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर संयोगिता असं नाव होतं.

"वीस नखांचं कासव विकायला काढलंय, अशी खबर आहे. डबा उघडा."

मी डबा उघडला. ओल्या फडक्यावर बसलेल्या कासवानं मान काढून सगळ्यांकडं बघितलं. तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून गुंडाभाऊ धापा टाकत उतरताना दिसले, हातात अगरबत्तीचा पुडा. लक्ष्मी जाते आहे म्हटल्यावर निदान निरोप तरी द्यावा म्हणून आले होते. खाकी कपडे बघून ते तिथंच सावधान झाले.

संयोगिता मॅडमनी एका काडीनं हलकेच पाय बाजूला केले आणि मोजलं. तीन, तीन, तीन, तीन.

"बारा," त्या म्हणाल्या. "मऊ पाठीच्या कासवाला बाराच असतात. वीस कुणी सांगितली?"

"म्या," गुंडाभाऊ म्हणाले. "पर मला नानानं सांगितली. भिताडावर इचारलं, तवा वीस म्हनला."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, ती नखं नव्हती. माझ्या जेवणाची माणसं होती. हिनं आतून विचारलं होतं."

गुंडाभाऊंनी थोडा विचार केला. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग त्यावर एक वेगळंच दुःख आलं. "जेवान कवा हाय?"

"तीस तारखेला."

"त्या विसात मी हाय का न्हाई?"

ते नव्हते. परातीमुळं हिनं त्यांचं नाव खोडलं होतं. मी डब्यातलं फडकं नीट करू लागलो आणि त्यांना सगळं कळलं.

"ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "काका, हे किती दिवस तुमच्याकडे आहे? खरं सांगा."

आता मात्र ठरवून गप्प बसायला पाहिजे होतं. 'आज सापडलं, आज सोडतोय' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कुणी वरिष्ठानं किती असं विचारलं की मला आकडा तोंडानं सांगता येत नाही, वहीच दाखवावी लागते. मी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. सोळा दिवस, रोज दोन नोंदी, प्रत्येक नोंदीखाली सही आणि सरकारी शिक्का. बत्तीस वेळा गुन्ह्याची कबुली, तारीखवार, पूर्ण नावानिशी.

त्या पायरीवर बसून वाचू लागल्या. 'हॉल : अर्धा इंच' पाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. 'बोट, उजवे' पाशी त्यांनी तोंडावर हात धरला. शेवटची नोंद त्यांनी दोनदा वाचली आणि मग हसल्या नाहीत. मी उभाच होतो. माझं श्रीफळ, माझं जेवण, माझं नाव, सगळं त्या बाईंच्या मांडीवर उघडं पडलं होतं.

"मी नोकरीत आल्यापासून," त्या म्हणाल्या, "असा आरोपी बघितला नाही." त्यांनी सूरजला सांगितलं, "लिही. सापडलेलं पिल्लू यांनी स्वतःहून आणून दिलं. वही घेऊन तिची झेरॉक्स सोबत जोड. आणि काका, पुन्हा असं करू नका. पोटाला लागणारं सगळं त्याला नदीतच मिळतं." मग त्या डबा घेऊन पाण्याकडं निघाल्या.

"इथं नको," मी म्हणालो.

त्या थांबल्या. मला माझाच आवाज मोठा वाटला. गेल्या पंधरवड्यात मी एवढ्या ठामपणे कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"रात्रीपासून वरून धरणातलं पाणी सोडलंय. आत्ता साडेनऊ फूट आहे. दहापर्यंत दीड फूट चढेल, आणि पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी भोवरा धरेल. हे एवढंसं पिल्लू टिकायचं नाही. हरिपूरच्या अलीकडं करंजाचं झाड पाण्यात वाकलंय, त्याच्या आतल्या अंगाला पाणी हलत नाही. खाली मऊ गाळ आहे. तिथं सोडू."

"मोबाईलवर तर पातळी स्थिर दाखवतंय," सूरज म्हणाला.

"पेटीला फूट कळतात," मी म्हणालो. "चढायच्या आधी पाण्याचा रंग बदलतो, तो तिला कळत नाही."

मॅडमनी पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी खंडाळ्याकडच्या कोरड्या भागातली. आमच्याकडं नदी बघायला पाहुण्यांच्या गावाला जायला लागायचं. तुम्ही सांगाल तिथं सोडू."

जीपमध्ये मला पुढं बसवलं. गुंडाभाऊ मागं, अगरबत्तीसकट. करंजाखाली मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि डबा तिरपा केला. पिल्लू फडक्यावरून पाण्यात सरकलं, क्षणभर तरंगलं, आणि गाळात तोंड खुपसून नाहीसं झालं. मागं वळून वगैरे बघितलं नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. ओल्या विजारीनं मी काठावर आलो तेव्हा गुंडाभाऊंनी कुणाला दिसणार नाही असा माझा हात दाबला. "एकवीस झाली, भाऊ," मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वहिनींना इचार आदी.

तीस तारखेला निवृत्तीचा समारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. साहेबांनी भाषणात माझं नाव एकदा बरोबर आणि एकदा चुकीचं घेतलं. शेवटी वनखात्याचा एक शिपाई पाकीट घेऊन आला. त्यात माझी वही होती. मी कोपऱ्यात जाऊन उघडली. शेवटच्या पानावर, पाचव्या रकान्यात, लाल शाईनं लिहिलं होतं : 'पाहिले. नोंदी प्रामाणिक व नेटक्या. साडेदहाला खांबापाशी भोवरा होता.' खाली सही, तारीख, शिक्का.

मी तो रकाना कितीतरी वेळ बघत राहिलो. शालीचं टोक डोळ्यांना लावलं, ते घाम पुसण्यासाठी असं मी जवळच्यांना सांगितलं. जेवायला एकवीस माणसं होती. गुंडाभाऊंनी दोनदा श्रीखंड मागितलं आणि हिनं दोनदा वाढलं.

एक तारखेला सकाळी मी पाऊण तास आधीच उठून अंगणात फेऱ्या मारत होतो. आठ वाजले तसे पाय आपोआप घमेल्यापाशी थांबले. पट्टी बुडवली. चार इंच. आत येऊन वही उघडली आणि लिहिलं : 'घमेले. पातळी ४ इंच. हवामान निरभ्र. कासव : निरंक.' सही केली. शिक्का खात्यात जमा केला होता, म्हणून ती जागा मोकळी राहिली.

ही चहा घेऊन आली. तिनं माझ्या खांद्यावरून नोंद वाचली, मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि वाकून पाचव्या रकान्यात आपल्या मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं : 'पाहिलं. घमेलं मोकळं करावं, मेथी धुवायची हाय. उद्या आठला मंडईत जायचं. पिशवी निरीक्षकानं धरावी.'

खाली तिनं पूर्ण नाव घालून सही केली.